मोटर उचकते, गेन कमी केला की थांबते, महिन्याने परत उचकते

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. मोटर क्लोज्ड लूपमध्ये चालते: एन्कोडरवरून (शाफ्ट फिरला की पल्स देणारा सेन्सर) वेग मोजायचा, पीआयडीने (हवा तो वेग आणि मोजलेला वेग यांच्या फरकावरून दुरुस्ती काढणारं गणित) ड्युटी, म्हणजे मोटरला सप्लाय किती टक्के वेळ द्यायचा ते, ठरवायची. कमी वेगात काही तक्रार नाही. वेग वाढवला की मोटर ठरावीक अंतराने उचकते, गिअरबॉक्सवर हात ठेवला तर बारीक ठोका लागतो. गेन, म्हणजे पीआयडीच्या दुरुस्तीचा जोर, उतरवला की ठोका जातो. मग काही दिवसांनी कोडमध्ये कुठेतरी भलतीकडेच बदल होतो, डिस्प्लेवर एक ओळ वाढते किंवा सिरियलवर एखादा संदेश जोडला जातो, आणि ठोका परत हजर. मोटर बदलून झाली, ड्रायव्हर बदलून झाला, सप्लायवर मोठे कपॅसिटर लावून झाले, तरी तो जात नाही.

माझा गाळा वागळे इस्टेटमध्ये. कंट्रोल कार्डं बनवतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मसाल्याचे पाउच भरणारं मशीन आहे, त्याची फिल्म ओढणारी २४ व्होल्टची डीसी मोटर माझ्या कार्डावर चालते. कार्डावर एसटीएम३२एफ१०३, म्हणजे ७२ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम३ मायक्रोकंट्रोलर. मोटरच्या शाफ्टवर ६०० लाइनचा एन्कोडर, म्हणजे एका फेरीला दोन चॅनेलवर प्रत्येकी ६०० पल्स. या एकाच तक्रारीसाठी मी तिथे तीनदा गेलो, आणि तिसऱ्या वेळी आजार मुळापासून समजला. जे समजलं ते इथे सविस्तर मांडतो, कारण पहिल्या वेळचा इलाज चुकीचा होता आणि तोच इलाज मी आजूबाजूच्या गाळ्यांत सगळीकडे होताना बघतो.

पहिल्या खेपेला मी गेन उतरवला आणि मोजलेल्या वेगावर सरासरी लावली. ठोका गेला. फिल्मचा जड रोल आला, वेग वाढवला, ठोका परतला. दुसऱ्या खेपेला खूण मिळाली ती ऑपरेटर काकांकडून. मशीनसमोर आठ तास उभा असलेला माणूस जे बघतो ते आपल्याला अर्ध्या तासात दिसत नाही. ते म्हणाले, "साहेब, डिस्प्लेवरचा आकडा बदलतो ना, बरोबर तेव्हाच ती उचकते." मी नुसतं बघत राहिलो. खरंच होतं. आकडा दर २०० मिलिसेकंदांनी बदलत होता, आणि ठोके सेकंदाला पाच.

आता हिशोब बघा. १२८ गुणिले ६४ चा ओएलईडी डिस्प्ले, एक बिट एक ठिपका, म्हणजे पूर्ण पडद्याचे १०२४ बाइट. आय-टू-सीवर, म्हणजे डिस्प्ले ज्या दोन तारांच्या बसवर आहे तिच्यावर, एका बाइटला ९ क्लॉक लागतात. ४०० किलोहर्ट्झवर एक बाइट साडेबावीस मायक्रोसेकंदांत जातो, सगळा पडदा सुमारे २३ मिलिसेकंदांत. लायब्ररी १०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर ९२ मिलिसेकंद. माझी पीआयडी मुख्य लूपमध्येच होती, डिस्प्लेच्या शेजारी. दर एक मिलिसेकंदाला ती चालते असं तिने धरलं होतं, आणि एरवी चालतही होती. पण सेकंदाच्या दर पाचव्या हिश्शाला तिला तेवीस मिलिसेकंद खोळंबावं लागत होतं.

खोळंब्यात एन्कोडर थांबत नाही. ६०० लाइन, दोन्ही चॅनेलच्या दोन्ही कडा (सिग्नल चढतो आणि उतरतो ते क्षण) मोजल्या तर एका फेरीला २४०० काउंट. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे मिलिसेकंदाला १२० काउंट. डिस्प्ले उरकून पीआयडी जागी झाली तेव्हा तिच्यापुढे २८८० काउंट साचलेले होते. तिच्या समजुतीप्रमाणे हे एका मिलिसेकंदातले. म्हणजे मोटर ७२,००० आरपीएमने फिरते आहे! मग तिने जे करायला हवं तेच केलं, ड्युटी खाली आपटली. पुढच्या मिलिसेकंदाला वेग परत बरोबर दिसला, ड्युटी परत वर. हाच तो ठोका. पीआयडीचं गणित बरोबर होतं, तिला मिळालेली वेळ खोटी होती. गेन उतरवल्याने ठोका दिसेनासा होतो तोही याच कारणाने: चुकीच्या आकड्याला उत्तरच कमजोर दिलं जातं. खऱ्या भारालाही मग तसंच कमजोर उत्तर मिळतं, आणि फिल्मवरची छापाची खूण सरकायला लागते.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे. ज्या कामात वेळ महत्त्वाची, ते काम सीपीयूच्या हातात ठेवायचं नाही. चिपमधले टायमर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा भाग) हे सीपीयूला विचारत बसत नाहीत, ते घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. वेळ त्यांनी सांभाळावी, कोडने फक्त किती आणि कसं ते ठरवावं.

आधी मोजा, मग हात लावा

काहीही बदलण्याआधी एक मोकळी पिन घ्या. कंट्रोल रुटीनच्या पहिल्या ओळीत ती वर करा, शेवटच्या ओळीत खाली. स्कोप लावा आणि पर्सिस्टन्स कायम ठेवा, म्हणजे जुन्या रेषा पुसल्या जाणार नाहीत. निरोगी सिस्टीममध्ये एकावर एक रेषा बसतात आणि कडा बारीक राहते. माझ्याकडे कडा पसरून पट्टाच झाला होता. स्कोप नसेल तर स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर चालतो. २४ मेगाहर्ट्झच्या नमुन्याला ४२ नॅनोसेकंदांपर्यंतचा फरक कळतो, या कामाला पुरेसा आहे.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती मशीनवर दिवसभर चालू ठेवता येते. कॉर्टेक्स-एम३ मध्ये डीडब्ल्यूटी नावाच्या भागात सायकल काउंटर असतो, प्रत्येक क्लॉकला एकने वाढणारा. रुटीनच्या सुरुवातीला तो वाचायचा, त्यातून मागचं वाचन वजा करायचं, आणि आजवरचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा फरक दोन व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा. ७२ मेगाहर्ट्झला हा ३२ बिटांचा काउंटर दर ५९.७ सेकंदांनी शून्यावर येतो, पण वजाबाकी अनसाइन्ड ठेवली तर त्याने काही बिघडत नाही. संध्याकाळी येऊन मोठा आकडा वाचा. सरासरीकडे बघू नका. मोटर सरासरीने उचकत नाही, दिवसातल्या सगळ्यात वाईट क्षणाला उचकते.

एन्कोडर

माझ्या जुन्या कोडमध्ये एन्कोडरच्या प्रत्येक कडेला इंटरप्ट (चालू काम थांबवून सीपीयूला दुसऱ्या कामाकडे वळवणारा इशारा) येत होता. ३००० आरपीएमला सेकंदाला १,२०,००० कडा, म्हणजे ८.३ मायक्रोसेकंदांना एक. ७२ मेगाहर्ट्झला तेवढ्यात फक्त ६०० सायकल मिळतात. इंटरप्टमध्ये शिरायलाच १२ सायकल जातात, वर लायब्ररीचा हँडलर. सीपीयूचा मोठा वाटा नुसतं मोजण्यात जातो, आणि एखादी कड हुकली की पोझिशन कायमची सरकते.

टायमर २, ३ आणि ४ मध्ये एन्कोडर मोड आहे. दोन चॅनेल दोन इनपुटांना जोडले की काउंटर आपोआप दिशेप्रमाणे वर-खाली मोजतो, सीपीयूला पत्ताही नसतो. काउंटर १६ बिटांचा आहे आणि २४०० काउंटच्या हिशोबाने सत्तावीस फेऱ्यांत भरून परत शून्यावर येतो. याला बरेच जण घाबरतात आणि ओव्हरफ्लोचा इंटरप्ट लावून बसतात. गरज नाही. आताचं वाचन वजा मागचं वाचन, आणि उत्तर साइन्ड १६ बिटांत घ्यायचं. दोन वाचनांमध्ये ३२,७६७ पेक्षा जास्त काउंट होत नाहीत तोवर उत्तर बरोबरच येतं, दिशेसकट.

पिन निवडताना एक काळजी घ्या, यात मी कार्डं जळालेली बघितली आहेत. एफ१०३ मधल्या पीए० ते पीए७ या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. टायमर २ आणि ३ च्या नेहमीच्या एन्कोडर पिना त्यातच येतात. टायमर ४ च्या पीबी६ आणि पीबी७ मात्र ५ व्होल्ट सहन करतात. एन्कोडर ५ व्होल्टचा असेल तर टायमर ४ च घ्या.

ओपन कलेक्टर एन्कोडर सिग्नल फक्त खाली ओढतो, म्हणून त्याला पुल-अप, म्हणजे सिग्नल वर खेचणारा रेझिस्टर, लागतो, आणि चिपच्या आतला पुल-अप चालवून घेण्याचा मोह होतो. आतला सुमारे ४० किलोओहमचा असतो. तीन मीटर केबलची कपॅसिटन्स साधारण ३०० पिकोफॅरड धरा. गुणाकार १२ मायक्रोसेकंद. तुमच्या सिग्नलची एक पातळी टिकते १६.७ मायक्रोसेकंद. म्हणजे चढणारी कड अर्धवट चढते तोच परत उतरायची वेळ होते. कमी वेगात चालतं आणि जास्त वेगात काउंट गळतात, त्याचं हे एक सरळ कारण. बाहेरून १ किलोओहम लावा, तेच १२ मायक्रोसेकंद ०.३ वर येतात.

पाउच मशीनमध्ये सीलिंगचे हीटर असतात, त्यांचे कॉन्टॅक्टर पॅनलमध्ये सतत खटखटतात. वायरमनने एन्कोडरची केबल हीटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून आणलेली असते. केबल वेगळी करणं हाच खरा उपाय, शील्ड एका टोकाला ग्राउंड करून. त्याच्या जोडीला टायमरचा इनपुट फिल्टर वापरा. सगळ्यात मोठ्या सेटिंगला तो ३२ ने भागलेल्या घड्याळावर सलग ८ नमुने सारखे आल्याशिवाय कड मानत नाही, म्हणजे सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद. १६.७ पुढे हे सहज बसतं.

पीडब्ल्यूएम आणि करंटचं वाचन

मोटर चालवणारं काम, म्हणजे पीडब्ल्यूएम (ड्युटीप्रमाणे सप्लाय झपाट्याने चालू-बंद करणं), टायमर १ कडे द्या. तो यासाठीच बनला आहे: एकमेकांच्या उलट चालणारे आउटपुट, मधला डेड टाइम (दोन्ही बंद असतात तेवढा वेळ), आणि आणीबाणीचं ब्रेक इनपुट. सेंटर-अलाइन्ड मोड घ्या, म्हणजे काउंटर शून्यापासून वर जातो आणि तसाच खाली येतो. एआरआर, म्हणजे काउंटर कुठपर्यंत मोजणार ते रजिस्टर, १८०० ठेवला की ७२ मेगाहर्ट्झ भागिले ३६००, बरोबर २० किलोहर्ट्झ. हा कानाला ऐकू येत नाही. डेड टाइमच्या रजिस्टरमध्ये ७२ लिहिलं की एक मायक्रोसेकंद मिळतो. तुमच्या मॉस्फेटला (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि गेट ड्रायव्हरला तो पुरतो का, हे मात्र स्कोपवर दोन्ही गेट एकत्र बघूनच ठरवा.

प्रीलोड (नवा आकडा पुढच्या पीरियडपर्यंत राखून ठेवणारी सोय) चालू आहे ना, ते बघा, ड्युटीचा आणि एआरआरचाही. प्रीलोड बंद असेल तर लिहिलेली नवी ड्युटी चालू पीरियडच्या मध्येच लागू होते. आउटपुट खाली गेलेलं असताना मोठी ड्युटी लिहिली की त्याच पीरियडमध्ये दुसरी पल्स निघते. एआरआरचं तर त्याहून वाईट: फक्त वर मोजणाऱ्या मोडमध्ये काउंटर नव्या एआरआरच्या पुढे गेलेला असेल तर तो थेट ६५,५३५ पर्यंत जातो, आणि तेवढा जवळपास एक मिलिसेकंद आउटपुट त्याच पातळीवर अडकून राहतं.

आता करंट. या भागात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून इथे थोडा थांबतो. माझ्या कार्डावर एच-ब्रिजच्या (मोटर चालवणारे चार मॉस्फेट) खाली एकच शंट (करंट मोजायचा लहान रेझिस्टर) आहे. मोटरचा करंट त्या शंटमधून फक्त ऑन-टाइममध्ये जातो. ऑफ असताना तो खालच्या दोन मॉस्फेटमधूनच गोल फिरतो आणि शंटवर काहीच दिसत नाही. कोडने मनाला येईल तेव्हा एडीसी वाचला तर कधी खरा करंट, कधी शून्य, कधी स्विचिंगच्या कडेवरचा उसळलेला आकडा मिळतो. लोक यावर दोन उपाय करतात. एक, सोळा वाचनांची सरासरी. दोन, एडीसीच्या पिनवर मोठा आरसी फिल्टर, १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. त्याचा टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद, म्हणजे दोन पूर्ण पीरियड. आकडा स्थिर होतो खरा, पण तो मोटरचा करंट राहत नाही. तो सप्लायमधून येणारा सरासरी करंट होतो, आणि तोही उशिरा. कमी ड्युटीवर मोटर जाम झाली तर मोटरमध्ये मोठा करंट वाहत असतो आणि तुमचा आकडा लहानच राहतो. मॉस्फेट का उडाले ते मग कळत नाही.

बरोबर क्षण एकच आहे: ऑन-टाइमचा मध्य. सेंटर-अलाइन्ड पीडब्ल्यूएम मोड १ मध्ये आउटपुट काउंटर ड्युटीच्या खाली असताना चालू असतं, म्हणजे ऑन-टाइमचा मध्य काउंटर शून्यावर येतो तिथेच पडतो, ड्युटी कितीही असो. स्विचिंगच्या दोन्ही कडा तिथून सगळ्यात लांब. शिवाय ऑन-टाइममध्ये मोटरचा करंट जवळपास सरळ रेषेत चढतो, म्हणून मध्यावरचं एकच वाचन हीच त्या पीरियडची सरासरी असते. फिल्टर न लावता सरासरी हातात येते. हे पहिल्यांदा स्कोपवर बघितलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं.

हे जमवायला टायमर १ चा ट्रिगर एडीसीच्या इंजेक्टेड (ट्रिगर आला की लगेच वाचणाऱ्या) चॅनेलला द्यायचा. सेंटर-अलाइन्डमध्ये हा ट्रिगर देणारा अपडेट इव्हेंट एका पीरियडमध्ये दोनदा येतो, वर आणि खाली. रिपिटिशन काउंटर १ केला की एकदाच येतो, पण तो वर येईल की खाली हे तुम्ही ते रजिस्टर काउंटर सुरू करण्याआधी लिहिलंत की नंतर यावर ठरतं. इथे बरेच जण फसतात: वाचन ऑफ-टाइमच्या मध्यावर पडतं आणि करंट कायम शून्य दिसतो. एडीसी पूर्ण झाल्याच्या इंटरप्टमध्ये पिन हलवा, पीडब्ल्यूएमसोबत स्कोपवर बघा, आणि चुकीच्या बाजूला असेल तर सुरुवातीचा क्रम बदला.

एडीसीचं घड्याळ १४ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नका. ७२ ला ६ ने भागून १२ घ्या. साडेसात सायकलचा सॅम्पल टाइम म्हणजे ०.६ मायक्रोसेकंद, पूर्ण कन्व्हर्जन १.७ मायक्रोसेकंद. ५ टक्के ड्युटीला ऑन-टाइम अडीच मायक्रोसेकंद, मध्यानंतर सव्वा उरतो, त्यात सॅम्पल बसतो. त्याहून कमी ड्युटीवर वाचनावर विश्वास ठेवू नका, मागचाच आकडा वापरा. फिल्टर १०० ओहम आणि १ नॅनोफॅरड पुरे.

पीआयडीही याच इंटरप्टमध्ये ठेवा. करंटचा लूप दर ५० मायक्रोसेकंदांनी, आणि दर विसाव्या वेळी वेगाचा लूप, म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. ५० मायक्रोसेकंद म्हणजे ३६०० सायकल. एफ१०३ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही, म्हणून गणित पूर्णांकात करा. या इंटरप्टला सगळ्यात वरची प्रायॉरिटी द्या. इथे लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, हे उलटं धरून चालणारे कमी नाहीत.

एवढं झालं की मुख्य लूपमध्ये डिस्प्ले तेवीस मिलिसेकंद घेऊ दे, सिरियलवर हवं ते छापू दे. मी डिस्प्लेच्या कोडची एक ओळही बदलली नाही.

आणि तरीही तो परत आला

सेकंदाला पाच ठोके गेले. पंधरा दिवसांनी फोन आला. आता ठोका अडीच मिनिटांनी एकदाच, पण जोरात. मी शुक्रवारी गेलो. काका म्हणाले, "शंभराचा आकडा भरला की उचकते." मिनिटाला चाळीस पाउच, शंभर पाउचना अडीच मिनिटं.

दर शंभर पाउचना मी उत्पादनाची मोजणी चिपच्या फ्लॅशमध्ये (कोडही जिथे असतो ती कायमची मेमरी) साठवत होतो, आणि साठवायच्या आधी तिचं पान, म्हणजे एक ठरावीक तुकडा, पुसावं लागतं. एफ१०३ मध्ये पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ फ्लॅशमधून कोड वाचताच येत नाही. प्रायॉरिटी कितीही वरची असो, इंटरप्टचा कोडही फ्लॅशमध्येच असतो, त्यामुळे सीपीयू जागच्या जागी थांबतो. टायमर आणि पीडब्ल्यूएम चालूच राहतात, जुन्याच ड्युटीवर, चारशे ते आठशे पीरियड. सीपीयू सुटला की समोर साचलेले काउंट. तोच जुना ठोका, दुसऱ्या दाराने. डीडब्ल्यूटीचा मोठा आकडा मी आधी दिवसभर चालू ठेवला असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

हिशोब करताना दुसरीही गोष्ट लक्षात आली. या फ्लॅशची हमी एका पानाला १०,००० वेळा पुसण्याची आहे. आठ तासांच्या शिफ्टला १९,२०० पाउच, म्हणजे दिवसाला १९२ वेळा. ५२ दिवसांत हमी संपली असती. मोजणी आता आय-टू-सीवरच्या एफरॅममध्ये (वीज गेली तरी आकडा राखणारी वेगळी मेमरी चिप) जाते. लॅमिंग्टन रोडवर मिळते. पुसावी लागत नाही, थांबावंही लागत नाही. सेटिंग मात्र अजून फ्लॅशमध्ये आहेत, आणि मोटर थांबलेली असतानाच साठवू देतो.

ब्रेक इनपुटबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. ओव्हरकरंट कंपॅरेटर (करंट मर्यादेपुढे गेला की सिग्नल देणारा भाग) थेट पीबी१२ ला जोडा. तो सिग्नल आला की टायमर १ चे आउटपुट हार्डवेअरमध्येच बंद होतात, सीपीयू फ्लॅश पुसत असो की हँग झालेला असो.

डीबगर लावताना मोटरची वायर काढून ठेवा. ब्रेकपॉइंटवर सीपीयू थांबतो, टायमर आपोआप थांबत नाही, आणि पीडब्ल्यूएम शेवटच्या ड्युटीवर तशीच चालू राहते. मोटर जोडलेलीच ठेवायची असेल तर रोल उतरवा, आणि एक माणूस इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाशी उभा करा.